रिकामी जाळीची पिशवी

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी,
आकस्मिक मृत्यू कौटुंबिक चौकशी कक्ष,
जालना.

अर्जदार : पुखराज मिश्रीलाल छाजेड, वय ६१, धंदा बी-बियाणे व किराणा दुकान, रा. आष्टी, ता. परतूर, जि. जालना.

विषय : माझी मुलगी कै. कु. रितिका हिच्या मृत्यूच्या अहवालातून ‘आत्महत्या’ हा एक शब्द निघण्यासाठी आपल्या कक्षाने सुधारित कौटुंबिक अहवाल पाठविणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचा कौटुंबिक अहवाल, मार्च २०२४.
२) माझे यापूर्वीचे अर्ज व स्मरणपत्रे.
३) आपले कर्मचारी जुलै २०२५ मध्ये सायंकाळी माझ्या घरी आले, तेव्हाचा पंचनामा.

महोदय,

वरील विषयी कळवितो की, हा अर्ज मी स्वतः बसून लिहिला आहे. कचेरीबाहेर अर्ज टाइप करून देणारे एक गृहस्थ आहेत, मागचे अर्ज त्यांच्याकडून केले होते. ते प्रत्येक वेळी शेवटी ‘गरीब अर्जदारावर दया व्हावी’ असे आपल्या मनाने टाकतात. मला दया नको आहे. मी गरीबही नाही. मला कागदावरचा एक शब्द काढून पाहिजे. तो का काढला पाहिजे हे त्या गृहस्थांना समजावताना या वेळी माझा आवाज चढला, तेव्हा त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, ‘सेठ, तुम्हीच लिहा.’ म्हणून लिहितो. भाषेत कमी-जास्त झाल्यास माफी असावी.

१. माझी मुलगी रितिका, वय अठ्ठावीस, ही दक्षिणेत तामिळ किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्रात काम करीत होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये उधाणलेल्या समुद्रात ती बुडाली. दुसऱ्या दिवशी सकाळी देह किनाऱ्याला लागला. तेथील दंडाधिकाऱ्यांनी अंतिम अहवालात ‘बुडून मृत्यू, आत्महत्या’ असे लिहिले. मी तिकडे जाऊन कारण विचारले. दुभाष्यामार्फत सांगण्यात आले की, प्रसंग संशयाचा वाटला म्हणून मुलीच्या मूळ जिल्ह्यातून घरची माहिती मागविली, आणि जालन्याहून आलेल्या अहवालात नैराश्य लिहिलेले होते. आपण सुधारित अहवाल पाठविल्यास फेरविचार करू, असे त्यांचे लेखी पत्र आहे (सहपत्र १). म्हणजे शब्द तिकडे उगवला, पण त्याचे बी आपल्या टेबलावरून गेले.

२. आपला अहवाल चार ओळींचा आहे. मला तो पाठ झाला आहे. ‘मयत मुलगी अविवाहित व एकलकोंडी होती. गावी क्वचित येत असे. कुटुंब धार्मिक असून शिक्षणावरून आईशी मतभेद होते. सबब नैराश्यातून कृत्य केले असावे.’ खाली आमच्या समोरच्या घरातले शेतकरी श्री. कचरू यांची सही आहे. अहवालाची नक्कल हाती आली त्याच दिवशी मी त्यांना विचारले. ते माझ्या ओट्यावर बसले आणि रडले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो : ‘सेठ, मी असं बोललोच न्हाई. त्यांनी इचारलं, पोरीचं लगीन झाल्तं का. म्या म्हन्लं, न्हाई. त्यांनी इचारलं, गावात येती का. म्या म्हन्लं, दिवाळीला येती. मंग त्यांनीच लिव्हलं आन् म्हन्ले, कर सही. एकलकोंडी म्हंजी काय, ते बी मला ठाऊक न्हाई.’

महोदय, याच कचरूंनी माझ्या मुलीला त्यांच्या विहिरीत पोहायला शिकवले आहे. कमरेला रिकामा तेलाचा डबा बांधून, वरून दोर धरून. आमच्या समाजात मुलींनी विहिरीत उतरायची रीत नव्हती. माझ्या पत्नीने, सौ. संतोषबाईंनी, तेव्हा घर डोक्यावर घेतले होते. कचरू म्हणाले होते, ‘बाई, पान्याला भ्याली तर मरंल, शिकली तर वाचंल.’ आज तेच कचरू मला तोंड दाखवत नाहीत. आपला जबाब बदलून द्यायला ते माझ्यासोबत आपल्या कक्षात आले होते. त्यांना सांगण्यात आले की एकदा दिलेला जबाब परत घेता येत नाही, घेतल्यास खोटा जबाब दिल्याबद्दल त्यांच्यावरच कारवाई होईल. ते घाबरले आणि माझ्याआधीच एसटी स्टँडकडे चालू लागले.

३. किनाऱ्यावरच्या पोलिसांचा संशय तीन गोष्टींवर होता. पहिली, तिच्या कमरेला शिशाची वजने बांधलेली होती. दुसरी, खोलीत जेवणाचा डबा न खाता तसाच झाकलेला सापडला, त्यावरून ‘अन्नावरची इच्छा उडाली होती’ असे त्यांनी लिहिले. तिसरी, धोक्याचा बावटा लागलेला असताना, नावाडी नको म्हणत असताना, ती एकटी पाण्यात गेली. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी त्या नाकारीत नाही. त्यांचा अर्थ समजण्यासाठी ती ज्या जिवावर काम करीत होती, त्याला पिले कशी होतात हे आपणास समजून घ्यावे लागेल. याला इलाज नाही. मी हे मागच्या दोन अर्जांत लिहिले, तेव्हा शेरा आला की ‘मजकूर विषयाला सोडून आहे’. महोदय, विषय तोच आहे.

४. त्या प्राण्याला आपल्या भाषेत नाव नाही. इंग्रजीत ॲबलोनी म्हणतात. समुद्रातल्या खडकाला चिकटून राहणारा गोगलगाईच्या जातीचा जीव, वर एकच शिंपला, बराबर माणसाच्या कानासारखा. रितिका त्याला कानशिंपली म्हणायची, म्हणून मीही तेच लिहितो. शिंपल्याच्या कडेला ओळीने भोके असतात. श्वास त्यातूनच, घाणही त्यातूनच, आणि वेळ आली की बीजही त्यातूनच बाहेर पडते.

यात नर वेगळा, मादी वेगळी. वरून बघून कळत नाही. हळूच उचलून खालचा मांसल पाय बाजूला सारला की आतली बीजाची पिशवी दिसते. मादीची गर्द हिरवी, नराची सायीच्या रंगाची. हंगाम नसेल तेव्हा ती चपटी असते. हंगाम भरला की इतकी फुगते की पायाखाली झाकत नाही. ती कोणत्या महिन्यात भरते, कधी रिकामी होते, पुन्हा भरायला किती काळ लागतो, हे रानातल्या म्हणजे पाळलेल्या नव्हे अशा कानशिंपल्यांत बघणे, हे माझ्या मुलीचे काम होते. पुष्कळ ठिकाणी हे बघायला प्राणी कापतात. रितिकाने कापला नाही. ती उचलायची, बघायची, शिंपल्यावर नंबराचा बारीक बिल्ला डिंकाने चिकटवायची आणि जिथून उचलली तिथेच ठेवून यायची. ही नोकरी धरण्याआधी तिने आमच्या जैन स्थानकात साध्वीजींसमोर हात जोडून नियम घेतला होता : जितके जीव उचलीन, तितके जिवंत परत ठेवीन. आईने त्या नियमावरच तिला जाऊ दिले. मतभेद म्हणाल तर एवढाच होता, आणि तो मिटलेला होता.

सुरुवातीला मला या गोष्टींची लाज वाटायची. बाप-लेकीत नर, मादी, बीज असे बोलायची आमच्यात पद्धत नाही. पण ती फोनवर अशा सहजतेने बोलायची की जणू सरकीचे बी बोलतेय, आणि बी हा माझा धंदा आहे. आपण जालन्याचेच आहात. संकरित कपाशीच्या बी-प्लॉटमध्ये नराच्या ओळी मादीच्या ओळींजवळ का लावतात हे आपल्या शिपायालाही माहीत असेल. नर लांब गेला तर बोंडात बी भरत नाही. कानशिंपलीचेही बिलकुल तसेच आहे. ते एकमेकांना शिवत नाहीत. नर आपले बीज पाण्यात सोडतो, त्याचा माग लागला की मादी अंडी सोडते, आणि दोन्ही पाण्यातच भेटतात. त्यासाठी दोघे हात-दीड हाताच्या आत पाहिजेत. जास्त लांब असले तर समुद्र सगळे पातळ करून टाकतो, आणि लाखो अंडी वाया जातात. लोकांनी मांसासाठी आणि शिंपल्याच्या चकाकीसाठी इतक्या उचलल्या की आता उरलेल्या लांब लांब पडल्या आहेत. जिवंत आहेत, दरवर्षी भरतात, सोडतात, आणि त्यातून काहीच होत नाही. रितिका म्हणायची, ‘पापाजी, सगळ्यात वाईट काय माहितीये? त्यांना कळतच न्हाई की शेजारी कुणी उरलं न्हाई.’

५. बीज सोडायची खूण त्यांना पाण्याच्या फरकाने मिळते. पाणी एकाएकी कोमट झाले की त्या आपली वेळ आली असे समजतात. आता त्या दिवशी काय झाले ते लिहितो.

केंद्रात टाकीत कानशिंपल्या ठेवलेल्या होत्या, सगळ्या पूर्ण भरलेल्या. उधाण ओसरले की त्या खडकाच्या एकाच कपारीत शेजारी शेजारी ठेवायच्या, म्हणजे त्या वर्षी तरी तिथे पिले धरतील, असे तिचे ठरलेले होते. तिची सहकारी अर्पिता गावी गेलेली होती. वादळाने वीज गेली. समुद्राचे गार पाणी टाकीत आणणारा पंप बंद पडला. दुपारी रितिकाचा दुकानावर फोन आला. माझ्यासमोर गिऱ्हाईक होते, मी घाईत होतो. ती म्हणाली, ‘पापाजी, टाकीतलं पाणी गरम होऊन राह्यलंय. ह्या सगळ्या टाकीतच अंडी सोडून देतील, मंग वर्ष गेलं, आन् श्वास कोंडून मरतील ते वेगळंच. मी जल्दी नेऊन ठेवून येते.’ मी म्हणालो, नावाडी घे. ती म्हणाली, ‘तो न्हाई म्हणतो. पण जागा काठाजवळच हाय, मला पाठ हाय.’ मग संतोषबाईंनी फोन घेतला आणि रोजचेच विचारले, जेवलीस का. आम्ही सूर्य मावळल्यावर तोंडात पाणीही घालत नाही, आणि रितिकाने एवढ्या लांबही ते पाळले होते. ती म्हणाली, ‘डबा झाकून ठेवलाय. दिवस मावळायच्या आत येऊन जेवते.’ एवढेच बोलणे झाले.

तिन्ही संशयांचे उत्तर यातच आहे. डबा तिने परत येऊन खाण्यासाठी झाकून ठेवला होता. एकटी गेली कारण दुसरे कोणी नव्हते आणि थांबली तर जीव मरत होते. शिशाची वजने ही बुडी मारणाऱ्यांच्या पट्ट्याची असतात. पाण्यात माणूस वर फेकला जातो, दोन्ही हातांनी खाली काम करायचे तर कमरेला वजन लागते. कचरूंनी तरंगण्यासाठी तिच्या कमरेला डबा बांधला होता, तिने खाली थांबता यावे म्हणून वजन बांधले, दोन्हीत मरण्याचा हेतू नव्हता.

आणि चौथी गोष्ट, जी त्यांच्याच पंचनाम्यात लिहिलेली आहे आणि जिच्याकडे कोणी पाहिले नाही : ‘कमरेला एक जाळीची पिशवी, रिकामी.’ पिशवी भरून नेली होती. कानशिंपली पाण्यात टाकून चालत नाही, उलटी पडली तर मासे तिला खातात. एकेक हातात घेऊन पाय खडकाला टेकवावा लागतो आणि ती पकड घेईपर्यंत दाबून धरावी लागते. त्या लाटांत तिने हे प्रत्येकीसाठी केले. उधाण ओसरल्यावर अर्पिताने तिथे बुडी मारून फोटो काढले (सहपत्र ३). रितिकाने नंबर लावलेल्या कानशिंपल्या एकाच कपारीत एकमेकींना लागून बसलेल्या दिसतात. मरायला निघालेला माणूस आधी असे काम पुरे करीत नाही. ती काम उरकून वर येत होती. खोलीवर जाऊन जेवायचे होते तिला.

६. आता आपल्या कक्षाचे सांगतो. यात कोणावर व्यक्तिशः रोष नाही असे लिहिण्याची पद्धत आहे, परंतु मला रोष आहे, म्हणून ते लिहीत नाही.

वरील सर्व मी प्रथम कळविले तेव्हा उत्तर आले की, ‘सदर प्राण्याची प्रजनन पद्धत अर्जदार म्हणतो तशीच असल्याबाबत जिल्ह्यातील सक्षम अधिकाऱ्याचा दाखला सादर करावा.’ जिल्ह्यात समुद्र नाही हे आपणास माहीत असावे असे मी धरून चालतो. तरी मी गेलो. जनावरांच्या एका दवाखान्यात मला सांगण्यात आले की, प्राण्याच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर असल्याशिवाय नोंद उघडता येत नाही. मी म्हणालो, साहेब, हा प्राणी म्हणजेच कान आहे. ते हसले नाहीत. मग मी फोटोतून शिंपल्यावरचा नंबर वाचून दिला. त्यांनी तो खरोखरच संगणकात टाकला आणि मला लेखी दिले की, ‘सदर क्रमांकाचे जनावर जिल्ह्यात आढळून येत नाही.’ तो दाखला मी आपल्याकडे आणून दिला. त्यावर आपला शेरा पडला की अर्जदाराने अस्तित्वात नसलेल्या प्राण्याबाबत मजकूर सादर केला आहे.

त्यानंतर आपण मला प्रत्यक्ष सुनावणी दिली, त्याबद्दल आभार. मी रितिकाच्या फोनमधला व्हिडिओ आपणास दाखविला, त्यात ती कानशिंपली उलटी करून हिरवी पिशवी दाखवते आणि हसते. आपण तो पूर्ण पाहिला. पाहून आपण विचारले की, हे खायला कसे लागते. मी जैन माणूस, मी काय सांगणार? नंतर आपण विचारले की, विम्याचे काही अडले आहे का. विमा नव्हता, भरपाई मागितलेली नाही, मागणारही नाही. आणि उठताना आपण म्हणालात की, शब्दाने काय होते, गेलेले माणूस परत येत नाही. महोदय, शब्दाने काय होते ते पुढच्या कलमात लिहितो.

७. आमच्या धर्मात स्वतःचा जीव घेणे हे फार मोठे पाप आहे. तसा जीव पुढे वाईट गतीला जातो असे संतोषबाई मानतात. मी दुकानदार माणूस, मला गतीतले कळत नाही, पण त्यांना कळते आणि त्या जळून राहिल्या आहेत. मुलगी गेली हे त्यांनी सोसले. पुढच्या जन्मीही ती दुःखात पडली, हे त्यांना सोसत नाही. साध्वीजींना विचारले, त्या म्हणाल्या, शेवटी मनात जो भाव होता त्यावर सगळे आहे. जीव वाचविण्याचा भाव असेल तर चिंता नको. संतोषबाई म्हणाल्या, ‘मंग सरकार असं कसं लिवतं? त्यांनी चौकशी केली असंल ना?’ त्यांचा सरकारी कागदावर फार विश्वास आहे. ज्या कागदावर शिक्का आहे तो खोटा असू शकतो हे त्यांना पटत नाही.

अहवाल कळल्यापासून त्यांनी शब्द निघेपर्यंत म्हणून एकेक वस्तू सोडली. आधी दूध, मग तूप, मग गूळ, तेल, मीठ. या वर्षी मृग लागेपर्यंत एका वेळचे उकडलेले धान्य उरले होते, तेही एक दिवस आड. उठताना भिंत धरू लागल्या. मी हात टेकले. म्हणून जूनच्या स्मरणपत्रात मी लिहिले की पत्नीने अन्न सोडत आणले आहे, कृपया जल्दी निर्णय व्हावा.

त्या ओळीचा उपयोग आपल्या कक्षाने असा केला : ‘मयताच्या मातेनेही अन्नत्याग केल्याचे अर्जदाराच्याच पत्रावरून दिसून येते. कुटुंबात स्वतःस इजा करून घेण्याची प्रवृत्ती आहे काय, याची पडताळणी आवश्यक.’ म्हणजे ज्या शब्दासाठी ती उपाशी होती, तिच्या उपाशी राहण्याने तोच शब्द पक्का होत होता.

८. जुलैमध्ये आपले कर्मचारी आले. बस चुकली म्हणून त्यांना उशीर झाला, दिवेलागण होऊन गेली होती. माणूस वाईट नव्हता. चपला बाहेर काढल्या, पाण्यालाही नको म्हणाले. त्यांनी सांगितले की, बाई जेवताना दिसल्या तर तसे लिहितो, फाईल तिथेच मिटेल. मी म्हणालो, आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, सकाळी या. ते म्हणाले, ‘उद्या माझी दुसरीकडं ड्यूटी हाय, काका. आन् मला बी दिसायला पायजे ना. न दिसलेलं कसं लिहू?’

संतोषबाई आतून आल्या. त्यांनी त्यांना एवढेच विचारले, ‘मी जेवले तर पोरीच्या कागदावरचं निघंल का?’ ते म्हणाले, ‘निघंल की.’ मला वाटते त्यांना ते खरेच वाटत होते.

आमच्या घरात रात्री चूल पेटत नाही आणि शिजवलेले उरवत नाहीत. घरात काहीच नव्हते. समोरून कचरूंच्या पत्नी सोनूबाई ताट घेऊन आल्या, भाकरी आणि पिठले. दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, कांदा-लसून हाय यात. म्या कसं देऊ तुम्हाला?’ संतोषबाईंनी हात पुढे केला. महोदय, चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना दिवस मावळल्यावर पाण्याचा घोट घेताना पाहिले नाही, तापातही नाही. कांदा आमच्या घरात येत नाही. त्या दिव्याखाली बसल्या आणि आपल्या माणसाकडे बघत बघत जेवल्या. मिठाची सवय राहिली नव्हती, प्रत्येक घासाला तोंड वाकडे होत होते. भाकरी पूर्ण खाल्ली. मध्ये एकदा थांबून विचारले, ‘एवढं बास का, आणखी खाऊ?’ सोनूबाई पदराने तोंड दाबून उभ्या होत्या. मी ओट्यावर निघून गेलो, मला बघवले नाही.

हात धुऊन त्या बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, ‘आता निघंल ना?’

त्यानंतर आपल्या पंचनाम्याची नक्कल टपालाने आली (सहपत्र ४). तीत लिहिले आहे : ‘सदर महिलेने आमचेसमक्ष कांदा-लसूणयुक्त पिठले व भाकरी आवडीने खाल्ली. सबब अन्नत्यागाचे कथन असत्य आहे. अर्जदार कक्षाची दिशाभूल करीत असून त्याच्या इतर कथनांवर विश्वास ठेवणे योग्य होणार नाही. मूळ अहवाल कायम.’

उपाशी राहिली तर घराला मरायची खोड आहे. जेवली तर नवरा खोटारडा आहे. महोदय, आपणच सांगा, तिने काय करायला पाहिजे होते?

९. सबब मागणी पुढीलप्रमाणे आहे. मार्च २०२४ चा चार ओळींचा अहवाल मागे घ्यावा. त्याऐवजी दोनच ओळी पाठवाव्यात, मसुदा मीच देतो, सोयीचे पडेल : ‘मयत मुलगी पट्टीची पोहणारी, घरच्यांशी रोज बोलणारी व कामात रमलेली होती. आत्महत्येचे कोणतेही कारण चौकशीत आढळले नाही.’ कानशिंपलीबद्दल काही लिहू नका. ती आपणास पटली नाही तरी चालेल. पंचनाम्यातला ‘आवडीने’ हा शब्दही काढावा, ही जास्तीची विनंती आहे. या दोन शब्दांपलीकडे माझे आपल्याकडे काही मागणे नाही.

पत्नीच्या पडताळणीसाठी कृपया पुन्हा कोणी पाठवू नये. त्यांनी त्या जेवणाचे प्रायश्चित्त मागितले आहे, ते चालू आहे, आणि ते काय आहे हे मी या वेळी आपणास लिहून कळविणार नाही.

वरील पंचनाम्याची नक्कल दुकानाच्या गल्ल्यात खाली ठेवली आहे. संतोषबाईंना ती दाखविलेली नाही. त्या रोज टपालवाल्याच्या वेळेला उंबऱ्यात येऊन बसतात. त्या दिवशी त्यांनी विचारले, ‘आता निघंल ना?’, तेव्हा मी ‘हो, निघंल’ असे सांगून बसलो आहे. ते खरे करणे आता आपल्या हातात आहे.

आपल्या कक्षाच्या बाकावर उत्तर मिळेपर्यंत येत राहणारा,
आपला नम्र,

(सही)
पुखराज मिश्रीलाल छाजेड
मु. पो. आष्टी, ता. परतूर, जि. जालना
दिनांक : ११ ऑगस्ट २०२५

सहपत्रे :
१. किनाऱ्यावरील दंडाधिकाऱ्यांचे फेरविचाराबाबतचे पत्र, नक्कल.
२. तेथील पोलिसांच्या पंचनाम्याची नक्कल. ‘रिकामी’ या शब्दाखाली रेघ मी मारली आहे.
३. अर्पिता यांनी पाण्याखाली काढलेले फोटो. शेवटचा फोटो त्यांनी पुढच्या वर्षी त्याच कपारीत काढला, त्यात नंबर लावलेल्यांच्या मधल्या फटीत नखाएवढ्या कानशिंपल्या दिसतात, त्यांच्यावर बिल्ला नाही. त्या नंतर झालेल्या आहेत.
४. जुलै २०२५ च्या पंचनाम्याची नक्कल.
५. जाळीची पिशवी, मूळ. हिची नक्कल निघत नाही. पाहून परत मिळावी, तिची आई मागते.